समुद्री मत्स्यालयासाठी आरओ-डीआय यंत्र: १४ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी समुद्री मत्स्यालयासाठी चार टप्प्यांचे आरओ-डीआय यंत्र विकत घेतले. ते घेण्याचे कारण एकच होते: खडकांवर दोन वर्षे ठाण मांडून बसलेले, उपटले की पंधरवड्यात पुन्हा उगवणारे हिरवे केसाळ शेवाळ. यंत्राच्या खोक्यावर शेवाळमुक्त मत्स्यालयाचे आश्वासन ठळक अक्षरांत छापलेले होते आणि माझ्यासारख्या त्रासलेल्या माणसाला तेवढे पुरेसे होते. आज यंत्राबद्दल माझी तक्रार फारशी नाही, खोक्यावरच्या त्या आश्वासनाबद्दल मात्र आहे. यंत्राचे नाव मी देत नाही, कारण याच रचनेची यंत्रे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि पुढे जे लिहिले आहे ते त्यांतल्या बहुतेकांना लागू पडेल.

आमचे घर सांगलीत विश्रामबागेत आहे. मत्स्यालयात निव्वळ पाणी सुमारे २०० लिटर मावते. त्यात दोन क्लाउन मासे, एक डॅमसेल, शेवाळ खरवडून खाणारा एक ब्लेनी, काही छोट्या समुद्री गोगलगायी आणि दोन कोळंब्या आहेत. प्रवाळ ठेवलेले नाहीत. खडक बांधणारे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तो विचार मी सुरुवातीलाच सोडला होता. खडक आहेत ते सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून केलेले, तेही कोल्हापूरच्या एका हौशी गृहस्थांनी आपले मत्स्यालय मोडताना दिलेले, म्हणजे वापरलेले. ही शेवटची बाब पुढे महत्त्वाची ठरली.

यंत्र येण्यापूर्वी मी स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी वापरत होते आणि ते शुद्ध आहे अशी माझी ठाम समजूत होती. आपल्याकडे हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या आरओमध्ये पाण्याला चव यावी आणि क्षार अगदीच निघून जाऊ नयेत म्हणून बहुधा एक छोटी तोटी दिलेली असते. तिच्यातून मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारे पटल, चुकवून आलेले थोडे पाणी शुद्ध पाण्यात मिसळले जाते, किंवा शेवटी खनिजांचे एक नळकांडे बसवलेले असते. पिणाऱ्या माणसासाठी ही सोय योग्यच आहे. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेल्या पदार्थांचे मिलिग्रॅम, हिवाळ्यात २४० च्या आसपास असतो आणि स्वयंपाकघरातल्या आरओतून ते ६५ वर येऊन बाहेर पडत होते. याचा अर्थ नळाच्या पाण्यात जे काही विरघळलेले होते, त्यातला चौथा हिस्सा मी नियमाने मत्स्यालयात ओतत होते.

त्यात सांगलीच्या उन्हाळ्याचा वाटा मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो, पाणी थंड राहावे म्हणून मत्स्यालयावर पंखा चालवावा लागतो, आणि मग रोज चार लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी; त्यातले क्षार मागेच राहतात. म्हणून वरून भरायचे पाणी संपूर्ण निखळ हवे. ते जर २४० टीडीएसचे नळाचे पाणी असेल, तर महिन्याला १२० लिटरच्या भरपाईबरोबर जवळजवळ २९ ग्रॅम नको असलेले विरघळलेले पदार्थ मत्स्यालयात साचत जातात.

यंत्राची रचना सरळ आहे. आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, मग क्लोरीन शोषणारा कार्बन, मग आरओ मेम्ब्रेन, आणि शेवटी डीआय, म्हणजे उरलेसुरले आयन (क्षारांचे विद्युतभारित कण) धरून ठेवणारे मिश्र रेझिनचे दाणे. कार्बन वेळेवर न बदलल्यास क्लोरीनमुळे मेम्ब्रेन खराब होते, एवढे लक्षात ठेवले की या भागाबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. अडचण आली ती दाबाची. मेम्ब्रेनवर दिवसाला ७५ गॅलन, म्हणजे सुमारे २८५ लिटर असे लिहिलेले असते. मात्र तो आकडा २५ अंश तापमान आणि ५० पीएसआयच्या आसपासचा दाब धरून दिलेला असतो. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी नळापेक्षा जेमतेम पाच मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याला सुमारे १४ पीएसआय दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला सातच आले. पहिल्या दिवशी यंत्रातून थेंब थेंब पाणी पडताना पाहून मला वाटले की यंत्रच बिघडलेले आहे. विक्रेत्याला फोन केला, तर त्यांनी बूस्टर पंप वेगळा घ्यावा लागतो असे तेव्हा सांगितले. ही गोष्ट विकण्यापूर्वी सांगायला हवी होती, कारण गच्चीवरच्या टाकीवर चालणाऱ्या घरात बूस्टर पंपाशिवाय हे यंत्र निरुपयोगी आहे. पंप मात्र सांगलीतच मिळाला. घरोघरी आरओ असल्यामुळे पंप, नळ्या, जोडण्या, फिल्टर आणि मेम्ब्रेनसुद्धा इथे सहज मिळतात, आणि आरओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने अर्ध्या तासात सगळे बसवून दिले. हे असले पाणी पिणार कोण, असे त्यांनी जाताना विचारले. मासे, असे उत्तर दिल्यावर त्यांनी विषय वाढवला नाही.

पंप बसल्यावर मेम्ब्रेननंतरचा टीडीएस ७ आला आणि रेझिननंतरचा शून्य. २४० वरून ७ म्हणजे ९७ टक्के क्षार मेम्ब्रेननेच अडवले, हे काम उत्तम म्हणावे असेच आहे. मात्र यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे मेम्ब्रेनचे पाणी ४० ते ५० टीडीएसचे येते, कारण बंद असताना क्षार हळूहळू शुद्ध बाजूला झिरपतात. ते पाणी रेझिनपर्यंत जाऊ न देता सुरुवातीला बाहेर सोडले तर रेझिन बरेच अधिक टिकते. त्यासाठी लागणारी वेगळी तोटी यंत्रात दिलेली नाही. मी दीडशे रुपयांची बसवून घेतली.

आता मुख्य मुद्दा, शेवाळ.

माझ्या मत्स्यालयात दोन प्रकारचा उपद्रव होता. वाळूवर आणि काचेवर धुळीसारखा तपकिरी थर पसरत असे, आणि खडकांवर हिरवे केसाळ शेवाळ होते. तपकिरी थर डायटमचा होता. डायटम ही सूक्ष्म शैवाले आपले कवच सिलिकाचे बनवतात, त्यामुळे पाण्यात सिलिका मिळत राहिली की त्यांचे फावते. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून सांगलीपर्यंत येते ती संपूर्ण वाट दख्खनच्या बेसाल्टची आहे, आणि बेसाल्ट झिजताना पाण्यात सिलिका विरघळते. पिण्याला त्याची काहीच बाधा नाही, डायटमला मात्र ती मेजवानी असते. नवीन यंत्राचे पाणी वापरू लागल्यावर सुमारे तीन आठवड्यांत तपकिरी थर विरळ होत गेला आणि महिन्याअखेर नाहीसा झाला. नव्या मत्स्यालयात हा थर आपोआपही जातो हे मला ठाऊक आहे. माझे मत्स्यालय दोन वर्षांचे होते आणि थर दोन्ही वर्षे होता, त्यामुळे याचे श्रेय मी यंत्राला निःशंकपणे देते.

हिरव्या शेवाळाने मात्र यंत्राची दखलही घेतली नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, पाणी शून्य टीडीएसचे होते, आणि खडकांवरची हिरवी दाढी तशीच वाढत होती. भिंगाखाली पाहून ते पिसासारख्या रचनेचे ब्रायॉप्सिस नाही याची खात्री करून घेतली होती, कारण ते शेवाळ नेहमीच्या उपायांना जुमानत नाही. मेमध्ये शेवाळाचे खतच असलेले फॉस्फेट तपासले तर ०.४६ मिलिग्रॅम प्रतिलिटर निघाले. सामान्यतः ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असावे, असे मानतात. दोन महिने निखळ पाणी वापरूनही एवढे फॉस्फेट येते कुठून, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मला नीट पडला. इतके दिवस मी सगळा दोष नळाला देत होते.

मग मी कागद घेऊन बसले. नळाच्या पाण्यात माझ्या चाचणीनुसार फॉस्फेट ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर होते. भरपाईचे १२० लिटर आणि पाणी बदलण्याचे ४० लिटर असे महिन्याचे १६० लिटर थेट नळाचे वापरले असते, तरी त्यातून महिन्याला ३२ मिलिग्रॅम फॉस्फेट आले असते. आता खाद्य घेऊ. माशांच्या कोरड्या खाद्यात फॉस्फरस साधारण एक टक्का किंवा थोडा अधिक असतो, आणि एक ग्रॅम फॉस्फरसपासून सुमारे तीन ग्रॅम फॉस्फेट होते. मी रोज दोन चिमटी खाद्य देत असे. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, दुपारी वर्तमानपत्र वाचून झाले की मासे भुकेले दिसतात म्हणून तिसरी चिमूट टाकत असत, हे मला याच चौकशीत कळले. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर माझी चिमूट मोजून घेतली, ती ०.१७ ग्रॅम भरली. म्हणजे रोज अर्धा ग्रॅम खाद्य, रोज १५ मिलिग्रॅम फॉस्फेट, महिन्याला ४५० मिलिग्रॅम. यातला काही भाग माशांच्या शरीरात राहतो आणि काही प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे उपकरण) बाहेर काढतो हे धरले, तरी नळ आणि चिमूट यांची तुलना होऊच शकत नाही. चार छोट्या माशांना एवढ्या खाद्याची मुळीच गरज नव्हती.

म्हणून यंत्राच्या खोक्यावरचे वाक्य मला मान्य नाही. निखळ पाणी शेवाळ घालवत नाही. त्याचा खरा उपयोग असा झाला की पाण्यावरचा संशय कायमचा मिटला आणि मला दुसरीकडे पाहावे लागले. यंत्र नसते तर मी आजही नळाला दोष देत बसले असते, यात मला शंका नाही.

जूनपासून खाद्य दिवसातून एकदाच, तेही मोजून, सुरू केले. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे गोठवलेले खाद्य) वितळल्यावर त्याचे पाणी चहाच्या गाळणीतून टाकून देऊ लागले. अण्णांना समजावणे सर्वांत अवघड गेले. शेवटी ते एकवेळचे खाद्य घालण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले आणि आठवड्याच्या सात पुड्या बांधून ठेवल्या. आता तेच कोणाला जास्त घालू देत नाहीत. याच काळात दर रविवारी एक खडक बाहेर काढून, मत्स्यालयाच्याच पाण्याच्या बादलीत दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासायचा, हट्टी पुंजक्यांवर औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने सोडायचे, काही मिनिटांनी खाऱ्या पाण्यात विसळून खडक परत ठेवायचा, असा क्रम ठेवला. पेरॉक्साइडने कोळंब्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून ते मत्स्यालयात कधीच टाकले नाही.

तरीही फॉस्फेट झपाट्याने उतरले नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे खडक फॉस्फेट आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण कमी झाले की ते हळूहळू परत सोडतात. कोल्हापूरहून आलेल्या माझ्या खडकांनी आधीच्या मत्स्यालयातले फॉस्फेटही सोबत आणलेले असणार. सप्टेंबरमध्ये आकडा ०.१२ वर आला आणि केसाळ शेवाळ पहिल्यांदा फिकट, विरळ दिसू लागले; गोगलगायींना आणि ब्लेनीला ते आवरू लागले. नोव्हेंबरमध्ये ०.०७ झाले.

मधे एक चूक माझ्याकडून झाली आणि ती लिहिलीच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये घाई करून मी फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे नेमून दिलेल्या मात्रेच्या दुप्पट टाकले. आठवड्यात फॉस्फेट शून्यावर आले, नायट्रेटही मोजता येईनासे झाले, आणि वाळूवर शेंबडासारखे तपकिरी तंतू दिसू लागले; त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असत आणि रात्री ते बरेचसे नाहीसे होत. हे डायटम नव्हते, डायनोफ्लॅजेलेट नावाचे वेगळे एकपेशीय सूक्ष्मजीव होते. पोषकद्रव्ये अगदी शून्यावर नेली की इतर सूक्ष्मजीव मागे पडतात आणि यांना रान मोकळे मिळते. दाणे काढून टाकून, तीन दिवस दिवे बंद ठेवून आणि खाद्य थोडे वाढवून त्यातून सुटायला पाच आठवडे लागले. हे दाणे मी आता वापरत नाही.

आता यंत्राकडे परत येते. रेझिनचे नळकांडे यंत्रावर आडवे बसवलेले आहे आणि हा रचनेतला खरा दोष आहे. आडव्या नळकांड्यात रेझिन खाली बसते, वर पोकळी राहते आणि पाणी रेझिन चुकवून त्या पोकळीतून निघून जाते. पहिले रेझिन अडीच महिन्यांतच संपल्यासारखे वाटले. उघडून पाहिले तर खालचा अर्धा भाग रंग न बदलता तसाच होता. नळकांडे उभे करून, पाणी खालून शिरून वरून बाहेर पडेल अशी जोडणी करून घेतल्यावर दुसरे एक लिटर रेझिन नऊ महिने पुरले. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. माहितीपत्रक एकंदरीतच दोन पानांचे असून त्यातले एक पान जाहिरातीचे आहे.

टीडीएस मीटरवर शून्य दिसते म्हणून निर्धास्त राहू नये, ही दुसरी सूचना. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. सिलिका पाण्यात जवळजवळ आयनरूपात नसतेच, त्यामुळे ती मीटरला दिसत नाही. शिवाय रेझिन थकू लागले की इतर आयनांच्या आधी तीच निसटते. फेब्रुवारीत मीटर शून्य दाखवत असतानाच काचेवर पुन्हा पुसट तपकिरी थर दिसू लागला आणि पुढच्या तीन आठवड्यांत मीटर १ वर, मग ३ वर गेला. तेव्हापासून मी मीटरपेक्षा काचेवर अधिक विश्वास ठेवते. थर दिसला की रेझिन बदलायचे.

वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न सगळेच विचारतात. बादलीने मोजले तेव्हा एक लिटर निखळ पाण्यामागे साडेतीन लिटर बाहेर पडले. महिन्याला ५६० लिटर ही संख्या उन्हाळ्यात डोळ्यांत खुपते. पण ते पाणी घाण नसते, फक्त त्याचा टीडीएस ३०० च्या थोडा वर असतो. पिंपात साठवून लादी पुसायला, अंगण धुवायला आणि कढीपत्त्याला ते चालते. पावसाळ्यात उलट घडते: नदीचे पाणी गढूळ येते, टीडीएस उतरतो, पण सेडिमेंट फिल्टर महिनाभरात तपकिरी होऊन दाब पडतो. जुलै ते सप्टेंबर या काळासाठी तीन सेडिमेंट फिल्टर आधीच आणून ठेवावेत.

खर्च असा झाला: यंत्र ८,४०० रुपये, बूस्टर पंप आणि बसवणूक २,१००, वर्षभरात बदललेले सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर मिळून साधारण १,४००, आणि रेझिन एका लिटरला ९०० रुपये. रेझिन मात्र मला सांगलीत किरकोळीत मिळाले नाही, पुण्याहून कुरिअरने मागवावे लागते. विक्रेत्याची विक्रीनंतरची सेवा फोनपुरती आहे. फोन उचलतात, उत्तर सौजन्याने देतात, सुटा भाग पाठवायला दहा दिवस लावतात. एक अनपेक्षित लाभही झाला. आमच्या शेजारच्या काकू इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी आता विकत आणत नाहीत, दर तीन महिन्यांनी आमच्याकडून रिकामी बाटली भरून नेतात.

नवीन समुद्री मत्स्यालय सुरू करणाऱ्याने हे यंत्र पहिल्या दिवसापासून घ्यावे, कारण पहिले समुद्री मीठ मिसळण्याचे पाणीच निखळ असले तर पुढचे बरेच टळते. ज्यांच्याकडे शेवाळ आधीच माजले आहे आणि हाती दहा हजार रुपये आहेत, त्यांनी आधी फॉस्फेट आणि नायट्रेटची चांगली चाचणी घ्यावी, घरात खाद्य कोण कोण घालते याची चौकशी करावी, आणि मग यंत्राचा विचार करावा. आडव्या रेझिनसाठी आणि न सांगितलेल्या पंपासाठी एक एक गुण कापून मी या यंत्राला पाचपैकी तीन गुण देते. खडकांवर आज केसाळ शेवाळ जवळजवळ नाही. एक पुंजका स्किमरच्या तोंडाशी, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, अजून आहे, आणि ब्लेनी दिवसातून दोन-चारदा तिथे फेरी मारतो म्हणून तो मी तसाच ठेवला आहे.